दोरा बांधलेली चावी

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्या दवाखान्यात धावत आली. मुलाच्या दातांना तारा बसवलेल्या, आणि तार अडकवायला दाढेभोवती बसवलेली धातूची रिंग गायब! आदल्या दिवशी चिक्की खाल्लेली. "पोटात गेली असेल हो," आई म्हणाली.

मी आधी विचारलं, ठसका लागला होता का? कारण खोकला थांबत नसेल, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर वस्तू श्वासनलिकेत गेल्याची शंका येते. तेव्हा माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. गिळवत नसेल, लाळ गळत असेल किंवा छातीत दुखत असेल, तरीही तेच करा. यातलं काही नसेल, तर अशा बारीक वस्तू बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे पडून जातात. तरी डॉक्टरांना कळवाच. तारेचा टोकदार तुकडा असेल तर एक्स-रे लागतो. घशात बोटं घालून उलटी मात्र काढू नका.

एक्स-रेमध्ये धातू दिसतो, दात सरळ करायला वापरतात त्या काढघाल करायच्या प्लेटचं प्लॅस्टिक सहसा दिसत नाही. म्हणून प्लेट तुटली तर उरलेला तुकडा सोबत आणा. केवढा भाग गेला, ते त्यावरून कळतं.

मला खरी धास्ती वाटते ती चावीची. काही मुलांच्या तोंडात टाळू रुंद करायचा स्क्रू बसवतात, आणि तो घरी आईच चावीनं फिरवते. मूल आ करून बसलेलं, आणि चिमटीत एवढीशी तारेची चावी. निसटली की सरळ घशाकडे. चावीला हातभर डेंटल फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, घट्ट बांधा, दुसरं टोक मनगटाला गुंडाळा. माझी आजी सुई कधी बिनदोऱ्याची ठेवत नसे, तसंच हे. मुलाला आडवं झोपवू नका, खुर्चीत बसवा.

आमच्या खुर्चीत असताना तोंडात काही पडलं, तर बोलू नका, गिळू नका; मान एका कुशीला वळवा, म्हणजे ते गालात येतं. आणि रिंग हलतेय असं जिभेला जाणवलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

त्या मुलाची रिंग? कंपासपेटीत सापडली. आई रागावेल म्हणून त्यानं रात्रभर तोंडातून शब्द काढला नव्हता.