गाठ पंधरा दिवसांत बसली नाही? तुकडा कुठल्या बाटलीत टाकला, ते विचारा

नमस्कार मंडळी. खानापुरात रोप लावणी म्हणजे चिखलात अनवाणी उतरणं आलंच. निपाणी-चिकोडीकडे उसाचं पान हात ओरबाडतंच. एरवी असा ओरखडा आठवड्यात भरतो. पण किडनी बदललेली असेल, किमो चालू असेल, किंवा महिनाभर रोज २० मिलिग्रॅम वा जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पोटात जात असेल, तर त्याच ओरखड्यातून मातीतला नोकार्डिया हा जिवाणू आत शिरू शकतो.

[हाताचं चित्र]

आधी लालसर गाठ, मग पू. कधी मनगटापासून कोपराकडे गाठींची माळच लागते. स्टेरॉइडमुळे ताप दबलेला, म्हणून कुणाला घाई वाटत नाही. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, वर हळद चेपली, झालं. त्यानं हा जिवाणू जात नाही.

दोन आठवड्यांत गाठ बसली नाही, तर तुकडा काढून तपासायलाच हवा. गफलत होते ती इथं. अख्खा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवून ठेवणारं रसायन) टाकला, तर जिवाणू मरतात. मग कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीत, उगवणार काय? तुकडे दोन हवेत: एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, आणि हा दुसरा त्याच दिवशी लॅबला पोचला पाहिजे. सॅम्पल बेळगावातून मिरजेला जाणार असेल, तर हे आधीच बोलून ठेवा.

चिठ्ठीवर ‘प्रतिकारशक्ती कमी, नोकार्डियाची शंका’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधं कल्चर दोन-तीन दिवसांत बंद करतात. याला दोन ते तीन आठवडे ठेवावं लागतं. अशाच गाठी आणणारा, टीबीच्या जिवाणूच्या भाऊबंदांपैकी मायकोबॅक्टेरियम किलोनी ३७ अंशांवर नीट वाढत नाही, त्यासाठी एक प्लेट ३० अंशांवर हवी. एवढी एक ओळ चिठ्ठीवर नसेल, तर चांगली लॅबसुद्धा चुकते.

नोकार्डिया निघाला, तर छातीचा सीटी आणि मेंदूचा एमआरआय करावा लागतो, कारण तो तिथं पसरतो. औषध बहुधा कोट्रायमोक्साझोल, सहा महिने ते वर्षभर. मधूनमधून पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि रक्तपेशी तपासायच्या. गाठ गेली म्हणून मध्येच थांबलात, तर ती परत येते. आणि घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करू नका, रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं.

किमोवाल्यांसाठी एक वेगळं. लाल डाग १२ ते २४ तासांत काळा पडला, तर तो स्यूडोमोनास हा दुसरा जिवाणू असू शकतो. तिथं दोन आठवडे नाहीत. किमोची फाईल घ्या आणि रात्र असली तरी निघा.