दुखत नाही म्हणून

(दृश्य: सकाळ. ओट्यावर बसलेली बाई. तळहातावर काळी भुकटी, बोट दातांवरून फिरतंय.)

खान्देशात आजही कितीतरी घरांत दिवस मिसरीनं उजाडतो. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. दात घट्ट होतात, कीड लागत नाही, हा समज सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे चालत आला. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मिसरी घरच्या चुलीवरच तयार होते. तिला कोण अडवणार?

मिसरी हिरड्यांचं रक्त लपवू शकते, हे मात्र घरात कुणी सांगत नाही. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हिरडी आतून सडत असते, तरी वरून अनेकदा रक्त फारसं येत नाही. हिरड्यांच्या या आजारात, म्हणजे पायरियात, सुरुवातीला दुखणं जवळपास नसतंच, रक्त हीच मोठी खूण. तीही पुसली गेली, तर माणसाला कळावं कसं?

(दृश्य: जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचा दातांचा दवाखाना.)

खुर्चीत पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी आहेत. खालचा समोरचा दात हलतोय, कळण्याची भाकरी तोडता येत नाही, म्हणून आल्यात. इतके दिवस का आला नाहीत, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, “दुखस नही, मंग दवाखानामा कसाले जावो?”

“मावशी, आ करा. टोचणार नाही.”

हातात एक बारीक सळई आहे, तिच्यावर मिलीमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सरकवायची आणि किती आत जाते ते बघायचं. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. डॉक्टरबाई आकडे सांगतात, मदतनीस लिहून घेते. तीन. तीन. चार. सहा. पाच. सहा. तीनपर्यंत ठीक. चारच्या पुढे गेलं की हिरडी दातापासून सुटून तिथे खिसा झालाय, असं समजायचं. सळई काढल्यावर रक्ताचा ठिपका आला, तर तिथे सूज आहे. मग एक्स-रे. तो महत्त्वाचा, कारण दात हिरडीच्या नाही, हाडाच्या आधारानं उभा असतो. मावशींच्या एक्स-रेत खालच्या दातांभोवतीचं हाड निम्म्यावर आलेलं दिसलं. पुरात काठ खचून झाडाची मुळं उघडी पडावीत, तसं.

हे होतं कशानं? दातांवर रोज एक चिकट थर बसतो, जंतूंचा. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणं मुद्दाम बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्याही झाल्या. इतकं सरळ आहे हे. सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. पण तोच थर दातांवर राहिला, लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा कडक झाला, म्हणजे आपण ज्याला किटण म्हणतो ते झालं, की ब्रशनं निघत नाही. त्याच्या आडोशानं जंतू खाली उतरतात. त्यांच्याशी झगडताना शरीराचीच सूज हाड खात जाते. हे गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

सगळ्यांचं हाड सारखं झिजत नाही. तंबाखू आहे, तशी शुगर आहे. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर वाढवतात. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर उपचार केले, तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, साधारण ०.४ टक्क्यांनी खाली येतो. मावशींनी शुगर कधी तपासलीच नव्हती. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली, आणि रिपोर्टमध्ये ती वाढलेली निघाली. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. फिटच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही हिरडी फुगते. अशा वेळी गोळी आपल्या मनानं बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं.

आता उपचार. इथेच एक भीती आडवी येते. “मशिननं दात साफ केले की हलायला लागतात.” धुळ्यात ऐका, चोपड्यात ऐका, हेच. ही भीती समजून घ्यायला हवी, कारण लोकांना दिसतं ते खोटं नसतं. किटणानं दातांमधल्या फटी बुजलेल्या असतात, हलणारे दात एकमेकांना धरून असतात. किटण निघालं, सूज उतरली, की फटी उघड्या पडतात, दात लांब दिसतात, काही दिवस झिणझिणतात. पण हाड आधीच गेलेलं होतं. मशिननं ते नेलं नाही. मशिनचं टोक थरथरतं, पाण्याची धार सुरू असते, किटणाचे तुकडे उडतात. दात कापला जात नाही.

खिसे खोल असतील तर जागा बधिर करून मुळांपर्यंत साफ करतात. तीन महिन्यांच्या आत पुन्हा मोजणी. तरीही खिसा राहिला, तर हिरडी उघडून आतली सफाई. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी किटण हलत नाही, त्यामुळे मेडिकलमधून गोळ्या आणून खाण्यात अर्थ नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पण धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं, तर अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. दातांची तपासणी पाड्याजवळ यायला हवी, हे आम्हाला इथे ठामपणे म्हणायचं आहे.

(दृश्य: तोच दवाखाना. तीन महिन्यांनंतर.)

पुन्हा सळई, पुन्हा आकडे. तीन. दोन. तीन. चार. सहाच्या जागी बहुतेक ठिकाणी चार. हलणारा समोरचा दात काढावाच लागला, बाकीचे टिकलेत. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हळू फिरवायचा, हे मावशींनी आरशासमोर करून दाखवलं. शुगरची गोळी चालू आहे. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११२-३५६ हा मोफत नंबर सुनेनं मोबाइलमध्ये घालून दिलाय. सकाळची मिसरी सुटली, संध्याकाळची अजून बाकी आहे.