वेल्सचा बिशप, त्यांची कबर आणि गावाचं पाणी

हे वेल्स. इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं छोटंसं शहर, आणि हे तिथलं कॅथिड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. आत दक्षिणेकडच्या अंगाने चालत आलं की ही कबर लागते, बिशप थॉमस बेकिंग्टन यांची.

आधी वर बघा. दगडात कोरलेले बिशप, अंगावर पूर्ण थाटाचा पोशाख, डोक्यावर उंच टोपी, शांत झोपल्यासारखे. आता जरा वाका. खाली परत तेच, पण मेलेले. कफन बाजूला झालंय, पोट खपाटीला गेलंय, बरगड्या एकेक मोजता येतील. पंधराव्या शतकात इंग्लंडमधले काही मोठे पाद्री अशा दुमजली कबरी करून घ्यायचे, बघणाऱ्याला आपलंही मरण आठवावं आणि त्याने गेलेल्यासाठी दोन शब्द प्रार्थना करावी म्हणून.

आणि ही कबर त्यांच्या हयातीतच तयार होती बरं का. १४५२ च्या जानेवारीत त्यांनी स्वतःच इथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हटली, स्वतःच्या आणि आईवडिलांच्या आत्म्यासाठी, लोकांनी भरलेल्या कॅथिड्रलमध्ये. त्यानंतर तेरा वर्षं ते जगले, म्हणजे तेरा वर्षं आपलंच मढं जाता-येता समोर, विचार करा!

तसा मोठा माणूस. राजा सहावा हेन्री याचे सेक्रेटरी होते, १४४३ मध्ये इथले बिशप झाले. त्यांच्या बांधकामांवर एक गंमतीशीर खूण सापडते, पेटलेली मशाल आणि खाली लाकडी पिंप. इंग्रजीत अशा इशाऱ्याच्या मशालीला बीकन, पिंपाला टन, जोडून वाचलं की झालं बेकिंग्टन. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही नाव कळणार.

पण मला सगळ्यात भिडली ती पाण्याची गोष्ट. बिशपवाड्याच्या बागेत जिवंत झरे आहेत, शहराचं नावच त्यांच्यावरून पडलं, इंग्रजीत वेल म्हणजे झरा किंवा विहीर. १४५१ मध्ये बेकिंग्टननी ते पाणी शिशाच्या पाइपातून बाजारपेठेतल्या हौदापर्यंत गावाला दिलं. बदल्यात काय मागितलं, तर गावकऱ्यांनी वर्षातून एकदा या कबरीशी यावं आणि आपल्यासाठी प्रार्थना करावी. बस, एवढंच.

आता बाहेर येऊ. ही हाय स्ट्रीट. दुकानं, फुटपाथ, आणि रस्त्याच्या कडेने पाटासारखं झुळझुळ जाणारं हे पाणी त्याच झऱ्यांचं, जरा आवाज ऐका.