आधी गोळी, मग जबाब

(दृश्य : रुग्णालयातला रिकामा बाक. वर भिंतीवरचं घड्याळ.)

१९६०च्या दशकाचा मध्य. नेदरलँड्समध्ये १३ वर्षांच्या एका मुलीला डॉक्टरांकडे आणलं गेलं. तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि तोही गर्भ राहण्याची शक्यता सर्वात जास्त असते त्या दिवसांत. संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून इस्ट्रोजेन या हार्मोनचे मोठे डोस देण्याची रीत तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे होती. त्या डॉक्टरांनी तेच औषध तिला दिलं. संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या ज्या तातडीच्या गोळीचं आज नाव काढलं तरी लोक नाक मुरडतात, तिच्या इतिहासाचं पहिलं पान हे आहे.

पुढे औषध बदललं. आता बहुतेकदा लेव्होनॉरजेस्ट्रेल देतात. दीड मिलिग्रॅम, एकदाच. बीजांड अंडाशयातून बाहेर पडायचं असतं, ते ही गोळी लांबवते. शुक्रजंतू पोटात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. तेवढ्यात त्यांची आणि बीजांडाची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. गर्भ आधीच राहिला असेल तर ती तो पाडत नाही, त्याला इजाही करत नाही. तरी ‘गर्भपाताची गोळी’ हे नाव तिला चिकटलंय, आणि त्या नावापायी ती नाकारलीही जाते.

बीजांड सुटून गेलं, की मात्र गोळीच्या हाती फारसं काही उरत नाही. म्हणून ही घाई. ७२ तासांच्या आत, त्यातही जितकी लवकर तितकी बरी. १२० तासांपर्यंत देतात, पण तोवर तिचा गुण कमी झालेला असतो. तेव्हा युलिप्रिस्टल ही दुसरी गोळी अधिक उपयोगी. सगळ्यात खात्रीची तांबी, पाच दिवसांत बसवली तर. पण नुकताच अत्याचार सोसलेल्या बाईला पुन्हा तपासणीच्या टेबलावर झोप म्हणणं सोपं नाही. ते तिनंच ठरवायचं.

(दृश्य : टेबलावर कोरा कागद, शेजारी पाण्याचा पेला.)

एचआयव्हीपासून ही गोळी वाचवत नाही. त्याची औषधं वेगळी, तीही ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची.

तक्रार करायची की नाही, हे तिला आज सुचेलच असं नाही. गोळी त्यासाठी अडवायची नसते. पेला पुढे करताना विचारायचं ते इतकंच : किती तास झाले? शेवटची पाळी कधी आली? क्षयाचं औषध चालू आहे का? रिफाम्पिसिन असेल तर डोस दुप्पट. आणि दोन तासांत उलटी झाली तर लगेच सांग, पुन्हा देऊ.