अण्णांचं घोरणं

अण्णा रात्रीतून चार-चार, पाच-पाच वेळा लघवीला उठायचे. वय 74, त्यामुळे घरात सगळ्यांचं ठरलेलंच, प्रोस्टेट असणार, गोळ्याही चालू झाल्या, फरक काही पडेना. दिवसा पेपर हातात धरून पेंगायचे, बीपीची तिसरी गोळी लागली, नावं विसरायला लागले, आणि आम्ही म्हणायचो चालायचंच, वय झालं.

खरं म्हणजे घोरणं ऐकणारं माणूसच राहिलं नव्हतं. आजी होती तोवर म्हणायची, "अरे, यांचा श्वास मधेच थांबतो रे", आणि आम्ही हसायचो. ती गेल्यावर अण्णा हॉलमध्ये एकटेच, दार लोटून.

मग गणपतीत घर भरलं, भाऊ हॉलमध्ये झोपला आणि त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ऐका. मोठ्ठं घोरणं... आता शांत... मोजा, दहा, बारा, पंधरा सेकंद... आणि हा गुदमरल्यासारखा श्वास.

हाच स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा सैल पडून हवेची वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो, सकाळी मात्र माणसाला काही आठवत नाही. आणि लघवीचं काय, तर बंद घशातून श्वास ओढताना हृदय ताणलं जातं, त्यातून एक हार्मोन सुटतं, ते किडनीला सांगतं पाणी बाहेर काढ. जाड माणसांनाच होतं हे डोक्यातून काढा, आमचे अण्णा काडीसारखे आहेत.

टेस्ट घरीच झाली, एक रात्र, बोटाला क्लिप, नाकाला नळी, छातीला पट्टा. तासाला 34 वेळा श्वास अडकत होता, 30 च्या वर म्हणजे सिव्हिअर. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने अधूनमधून घ्यायचे ती झोपेची गोळी डॉक्टरांनी आधी बंद केली, अशा काही गोळ्यांनी घसा अजून सैल पडतो.

मग सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपाय मांडला, मास्कमधून हवेचा दाब, घसा उघडा राहतो, बस्स एवढंच. पण पहिले आठ दिवस अण्णा मास्क काढून फेकायचे, का, तर कवळी! रात्री कवळी काढली की गाल आत, मास्क नीट बसेना, सगळी हवा डोळ्यात. वेगळ्या आकाराचा मास्क आणला तेव्हा जमलं.

आता रात्री एकदाच उठतात. बीपीच्या गोळ्या अजून तीनच आहेत. मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय, तरी लाइट गेली की अण्णा आधी मास्क चाचपतात, मग चष्मा.