पोर्चमधली स्पिटफायर

(दृश्य: पहाट, घराचा पोर्च, निळी ताडपत्री.)

मे महिना, सकाळचे साडेपाच. नागपुरात या दिवसांत हाताने काही काम करायचं असलं ना तर ते आत्ताच, नऊ वाजले की पत्र्याला हात लावायची सोय नाही. हे माझे बाबा, बँकेतून रिटायर झालेले, आणि ताडपत्रीखाली आहे ती ट्रायम्फ स्पिटफायर, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, मार्क टू, १९६५ चं मॉडेल, दोन सीटची, ११४७ सीसी, आणि डिकी एवढीशी की आई म्हणते संत्र्याची एक पेटी मावली तरी खूप झालं.

गाडी आजोबांच्या एका मित्राची. त्यांनी घर विकायला काढलं तेव्हा बाबांना फोन आला, "नेतोस का, नाहीतर कबाडीवाला उद्या येऊन राहिला." बाबा त्याच संध्याकाळी टोचन लावून घेऊन आले. इंजिन जाम, ब्रेक नाहीत, एका सीटमध्ये उंदराचं घर. त्यानंतर ती आमच्याही पोर्चमध्ये काही वर्षं नुसती झाकूनच पडली, आणि तसं पाहिलं तर झाकून पडणं हिच्या खानदानातच आहे. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने हे डिझाइन केलं, पण स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीकडे तेव्हा पैसाच नव्हता, म्हणून पहिला नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापड टाकून ठेवून दिला. १९६१ मध्ये लेलँडने ती कंपनी घेतली, नवे साहेब कारखाना बघत फिरत होते, कोणीतरी ते कापड उचललं आणि १९६२ मध्ये गाडी बाजारात आली. आमच्याकडे कापड उचललं लॉकडाऊनने.

(दृश्य: बॉनेट पुढे उलटतं, दोन्ही मडगार्डांसकट.)

हे असं बॉनेट बघून जुन्या लोकांना लगेच हेरल्ड आठवते. स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासला बनायची, १९६१ पासून. स्पिटफायरची चेसिस म्हणजे हेरल्डचीच, आखूड केलेली. आपल्या हेरल्डचं इंजिन ९४८ सीसी, पण घराणं तेच, दोन्हीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७६ मिलिमीटर, फरक फक्त बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या रुंदीचा. म्हणून मग बाबांचा शोध स्पिटफायरच्या पार्टसाठी सुरू व्हायचा आणि हेरल्डच्या दुकानात संपायचा, सील, बुश, बेअरिंग, किती तरी बारीकसारीक सामान जुन्या दुकानदारांच्या माळ्यावर धूळ खात पडलेलं मिळालं. जे नाहीच मिळालं ते इंग्लंडहून, कस्टम भरून, आणि ती बिलं आईला दाखवली जात नसत. आता दिसतीलच म्हणा.

बाबांचा नियम एकच, गाडी पूर्ण खोलायची नाही. एक भाग खोलायचा, तो लावून झाला की मगच दुसरा, आणि कुठल्याही दिवशी गाडी ढकलून गेटबाहेर काढता आली पाहिजे, कारण पोर्च एक आणि आईची अ‍ॅक्टिव्हा पण तिथेच.

म्हणून आधी ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम, सगळे रबर बदलले, पाइप नवीन. मग इंजिन. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं, रोज सकाळी पूजेच्या आधी बाबा क्रँकच्या बोल्टवर पाना लावून थोडा जोर देऊन बघायचे, आठवडा गेला, दहा दिवस गेले, आणि एका सकाळी टक्क असा आवाज आला, इंजिन चिमूटभर फिरलं आणि बाबांनी आईला असं बोलावलं की तिला वाटलं काही लागलं बिगलं. ज्याला त्याला तेव्हा एकच सल्ला द्यायचा होता, "मारुतीचं इंजिन टाक ना बे, कशाला डोकं लावून राहिला?" पण बाबा ऐकायला तयार नाहीत, आणि कागदाच्या बाजूनेही ते बरोबरच निघाले. २०२१ च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही.

(दृश्य: डाव्या दरवाजाखालचा पत्रा, जवळून.)

आता ही जागा नीट बघा, आमची खरी वाट इथे लागली.

नागपूरची हवा कोरडी, समुद्र नाही, त्यामुळे पत्रा बऱ्यापैकी शाबूत होता. फक्त ही डावी बाजू सोडून. कारण काय, तर वरच्या खिडकीतला आमचा कूलर. दर उन्हाळ्यात त्याची टाकी थेंब थेंब गळायची, आणि ताडपत्रीच्या घडीतून ते पाणी बरोबर दरवाजाखाली जाऊन मुरायचं. चार महिने थंड हवा आम्ही खाल्ली आणि पत्रा कूलरने खाल्ला.

स्पिटफायरमध्ये दरवाजाखालचा हा पत्रा, सिल म्हणतात त्याला, शोभेचा नाहीये. वर छत नाही, बाजूंना चेसिसचा आधार नाही, त्यामुळे गाडीचा मधला भाग या सिलवरच तोललेला असतो. आत तीन पदर असतात, बाहेरचा, आतला आणि मध्ये एक मजबुतीचा. बाबांनी ग्राइंडर घेतला आणि एका रविवारी तिन्ही पदर कापून मोकळे झाले. दरवाजा उघडाच होता. तासाभराने लावायला गेले तर लागेना, गाडी मधून खचली होती आणि दरवाजाची चौकट वरून बोटभर आवळली होती.

मग मोमिनपुऱ्यातले वेल्डर चाचा आले. त्यांनी बघितलं, डोक्याला हात लावला, चहा घेतला. म्हणाले, "भाऊ, आधी बोलवायचं ना. पहिले आडवा अँगल मारायचा, मग कापायचं, तेही एकेक पदर." त्यांनी मधोमध जॅक लावून हळूहळू उचलत दरवाजाची फट पुन्हा बरोबर केली, चौकटीत लोखंडी अँगल टाके मारून बसवला, मग आतला पदर, मग मधला, मग बाहेरचा, आणि प्रत्येक पदरानंतर दरवाजा लावून बघायचा. डाव्या बाजूला पंधरवडा लागला. उजवीकडे गंज कमी होता पण अँगल तरीही मारला, बाबा स्वतःच म्हणाले मारा.

दुसरी चूक तशी छोटी, पण जीवावर आली असती. पुढच्या चाकांना खाली ट्रनियन असतं, पितळी, चाक वळलं की त्यात स्टीलचा आटे पाडलेला दांडा फिरतो. आपल्याकडे ग्रीस भरायचा निपल दिसला की ग्रीस मारायचं, बाबांनीही मारलं. मॅन्युअलमध्ये मात्र स्पष्ट लिहिलंय की इथे ९० नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटून चाक आडवं होतं. सगळं ग्रीस काढून पुन्हा ऑइल भरलं.

वायरिंगचं फार सांगत नाही, एवढंच की या मॉडेलमध्ये बॅटरीचा मायनस नाही, प्लस बॉडीला जातो आणि हे येणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला दोनदा सांगावं लागतं.

पेंटला आम्ही दिवाळी उलटेपर्यंत थांबलो. मे महिन्यात गनमधून निघालेला रंग पत्र्यावर बसेपर्यंत थिनर उडून जातं, हात फिरवला की खरखर लागते, आणि जुलैच्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. डिसेंबरच्या सकाळी, ऊन वर आल्यावर, दव गेल्यावर, पोर्चला चारही बाजूंनी जुन्या साड्या बांधून लाल रंग मारला. साड्या कोणाच्या हे सांगायला नको.

(दृश्य: गाडी गेटबाहेर निघते.)

आज पहिल्यांदा सेमिनरी हिल्सपर्यंत. दोन कार्बोरेटर अजून एका सुरात नाहीत, चढावर जरा खोकते. येताना तर्री पोहे खाल्ले, गाडीभोवती दहा माणसं जमली, त्यातल्या एका आजोबांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "हेरल्ड का?" बाबा म्हणाले, "हौ, तिचीच बहीण."

कूलर आता मागच्या खिडकीत गेलाय. वरचं कापडी हूड मात्र बाकी आहे. कुशनवाला रविवारी माप घ्यायला येतो म्हणाला होता, हा तिसरा रविवार.