कोण कुठं दडलंय: ईव्ह ऑनलाइनमधलं स्कॅनिंग

(साताऱ्यात नव्या खेळाडूंसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आज एकाच खेळाबद्दल बोलू, आणि त्या खेळातल्याही एकाच कामाबद्दल. खेळ ईव्ह ऑनलाइन, म्हणजे इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा, अंतराळातल्या जहाजांचा. आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं तो मे २००३ मध्ये आणला. काम असं, की एका सूर्यमालेत दुसरा खेळाडू आहे एवढं कळलंय, पण कुठं ते कळलेलं नाही. त्याला शोधायचं. किंवा तुम्हीच तो दुसरा आहात आणि सापडायचं नाही. दोन्हीसाठी विद्या एकच लागते.

सूर्यमालेत शिरलात की लोकल नावाच्या चॅटमध्ये तिथं हजर असलेल्या सगळ्यांची नावं दिसतात. ही हजेरी झाली, पत्ता नव्हे. वर्महोलच्या प्रदेशात, म्हणजे अंतराळातल्या भुयारांतूनच जिथं पोचता येतं तिथं, तर हजेरीही नसते. तिथं जो काही लिहील त्याचंच नाव उमटतं, आणि शहाणा माणूस तिथं लिहीत नाही. २०१९ मध्ये कंपनीनं नलसेकमध्येही, म्हणजे पोलीस-कायदा नसलेल्या भागातही, काही आठवडे हीच व्यवस्था लावून पाहिली होती. लोकलच्या भरवशावर खाणकाम करणाऱ्यांची तेव्हा चांगलीच पंचाईत झाली.

पत्ता काढायला दोन साधनं आहेत. पहिलं म्हणजे डायरेक्शनल स्कॅनर, सगळे त्याला डी-स्कॅन म्हणतात. दुसरं प्रोब, म्हणजे जहाजातून सोडायची छोटी शोधयानं. नव्या पोराला प्रोबचं आकर्षण जास्त, कारण त्यात नकाशावर गोळे फिरवायला मिळतात. पण बहुतेक शिकार प्रोब न सोडताच होते, म्हणून आजचा जास्त वेळ मी डी-स्कॅनला देणार आहे.

डी-स्कॅन प्रत्येक जहाजात असतोच. काही विकत घ्यावं लागत नाही, बसवावं लागत नाही. कीबोर्डवरचं व्ही दाबा, स्कॅन होतो. पुन्हा दाबायला साधारण दोन सेकंद थांबावं लागतं. त्याची मजल १४.३ एयू. एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. आता १४.३ हाच आकडा का? पूर्वी हे अंतर किलोमीटरमध्ये भरावं लागायचं आणि त्या चौकटीत जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ हा आकडा बसायचा. संगणक शिकणाऱ्यांनी तो ओळखला असेल. ३२ बिटच्या चिन्हांकित पूर्णांकाची ती शेवटची संख्या. तिला एयूमध्ये मांडलं की १४.३५ येतात. थोडक्यात, ही सीमा भौतिकशास्त्रातून आलेली नाही.

डी-स्कॅनमध्ये दोन गोष्टी तुमच्या हातात असतात, अंतर आणि कोन. कोन ३६० अंशांपासून ५ अंशांपर्यंत उतरवता येतो. मधले टप्पे १८०, ९०, ६०, ३० आणि १५. रात्री अजिंक्यताऱ्यावर उभं राहून यवतेश्वराकडं बॅटरीचा झोत टाकला तर तो हातापाशी अरुंद असतो आणि पुढं पसरत जातो. डी-स्कॅनचा शंकू तसाच. टोक तुमच्या जहाजाशी, तोंड कॅमेरा बघेल तिकडं. जहाजाचं नाक कुठंही असो, त्याचा इथं संबंध नाही. निम्म्या नवशिक्यांचा घोटाळा इथंच होतो. जहाज ग्रहाकडं वळवतात, कॅमेरा भलतीकडंच राहतो, आणि 'तिथं कुणी नाही' म्हणून पुढं जातात.

यादीत काय येतं? वस्तूचं नाव आणि प्रकार. जहाजाचं अंतर मात्र ते तुमच्याच ग्रिडवर, म्हणजे तुमच्या आसपासच्या टापूत, असेल तरच दिसतं. नाहीतर रेघ. म्हणजे स्कॅनर सांगतो, 'या शंकूत, या अंतराच्या आत, एक व्हेंचर (खाणकामाचं जहाज) आहे.' नेमकं कुठं, ते तुम्ही प्रश्न विचारून काढायचं.

प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. समजा तुमचा मित्र साताऱ्यात आहे आणि फोन उचलत नाही. तुम्ही शहराचे चौकोन आखून एकेक गल्ली पालथी घालता का? नाही. एसटी स्टँड बघता, पोवई नाका बघता, राजवाड्यावरची चौपाटी बघता. अंतराळातही माणूस मोकळ्या पोकळीत फारसा थांबत नाही. तो ग्रहावर, चंद्रावर, गेटवर (दुसऱ्या सूर्यमालेत जायचं दार), स्टेशनवर, लघुग्रहांच्या पट्ट्यात किंवा एखाद्या अॅनोमलीत, म्हणजे खेळानंच शत्रू किंवा खनिज मांडून ठेवलेल्या जागेत, असतो. आकाश झाडून काढायला गेलात तर काय होतं याचं गणित करून बघा. ९० अंशांचा शंकू संपूर्ण आकाशाचा सातवा हिस्सा झाकतो. ३० अंशांचा साठावा हिस्सा. ५ अंशांचा तर जेमतेम एकवीसशेवा. दर दोन सेकंदांना एक या वेगानं ५ अंशांनी सगळं आकाश झाडायला तासाच्या वर वेळ जाईल. म्हणून कोन ठिकाणांवर रोखायचे.

आता क्रम सांगतो. आल्या आल्या ३६० अंश, १४.३ एयू, एक स्कॅन. यादी वाचा, नुसती मोजू नका. व्हेंचर, रिट्रीव्हर, हल्क दिसलं तर खाणकाम चालू आहे, म्हणून आधी पट्टे बघा. लढाऊ जहाज, त्याच्यासोबत ड्रोन आणि वाढत जाणारी अवशेषांची संख्या दिसली तर कुणीतरी अॅनोमलीत शत्रू मारत बसलंय. अवशेषांसाठी दोन स्कॅन करा, दहा-पंधरा सेकंदांच्या अंतरानं. पाचाचे सात झाले तर काम चालू आहे, पाचाचे पाचच राहिले तर बहुधा माणूस निघून गेलाय. नुसती कॅप्सूल, म्हणजे जहाज फुटल्यावर उरणारी चालकाची कुपी, दिसली तर बहुधा कुणाचं तरी जहाज नुकतंच फुटलंय.

मग एकेक ठिकाण तपासायचं. कोन ५ अंश करा, व्ही धरून ओव्हरव्ह्यूमधल्या, म्हणजे पडद्यावरच्या आसपासच्या वस्तूंच्या यादीतल्या, त्या ग्रहावर किंवा गेटवर क्लिक करा. कॅमेरा तिकडं वळतो आणि स्कॅनही होतो. अॅनोमली प्रोबशिवायच दिसतात, त्यामुळं त्यांच्यावरही असाच नेम धरता येतो. आठ-दहा ठिकाणं असतील तर वीस सेकंदांचं काम. ठिकाणं तीसेक असतील तर आधी ६० अंशांनी दिशा ठरवा, मग तेवढ्याच दिशेतल्या ठिकाणांवर ५ अंश.

इथं एक सापळा आहे. दोन ठिकाणं एकाच रेषेत येतात. समजा ग्रह ६.२ एयूवर आणि त्याच्या बरोबर मागं गेट ९.८ एयूवर. ५ अंशांत जहाज दिसलं, मग ते कुठलं? अंतर ८ एयूवर आणा. जहाज यादीत राहिलं तर ग्रहाकडं, गायब झालं तर गेटकडं. दुसरा सापळा चंद्रांचा. ५ अंशांचा झोत १० एयूवर सुमारे ०.९ एयू रुंद होतो आणि त्यात एका ग्रहाचे सगळे चंद्र मावतात. लांबून चंद्र वेगळे होत नाहीत. आधी ग्रहाजवळ जायचं, मग जवळून एकेका चंद्रावर नेम धरायचा. १ एयूवर तोच झोत ०.०९ एयूपेक्षा कमी रुंद असतो.

तिसरी अडचण ओव्हरव्ह्यूची. डी-स्कॅन चालू ओव्हरव्ह्यूची गाळणी वापरतो, तसं ठेवलं असेल तर. खाणकामाच्या ओव्हरव्ह्यूमध्ये लढाऊ जहाजं बंद केली असतील तर स्कॅनमध्येही ती दिसणार नाहीत, आणि यादी रिकामी बघून तुम्ही निर्धास्त बसाल. जहाजं आणि प्रोब, एवढंच दाखवणारी वेगळी मांडणी करून ठेवा.

काही जहाजं मात्र गाळणी बरोबर असली तरी दिसत नाहीत. क्लोक केलेलं, म्हणजे अदृश्य केलेलं, कुठलंही जहाज डी-स्कॅनवर येत नाही. कॉम्बॅट रिकॉन वर्गातली चार जहाजं, कर्स, ह्यूगिन, लॅकेसिस आणि रूक, ही तर क्लोक न करताही डी-स्कॅनला दिसत नाहीत. त्यामुळं लोकलमध्ये पाच नावं आणि स्कॅनमध्ये तीन जहाजं असतील, तर उरलेले दोघे स्टेशनात असतील असं धरून चालू नका. उलटंही होतं. रिकामी उभी करून ठेवलेली जहाजं यादीत येतात, त्यांच्यात कुणी नसतं.

माणूस कुठल्याच ठिकाणी नाही, पण स्कॅनमध्ये आहे, तर तो सेफ स्पॉटवर आहे. वार्प, म्हणजे दूरच्या ठिकाणाकडं अतिवेगानं घेतलेली झेप, चालू असताना मधेच बुकमार्क (जागेची खूण) टाकून केलेली ती जागा. तिथं वार्प करायला यादीत काही नसतं, म्हणून आता प्रोब काढायचे. पण लगेच सोडायचे नाहीत.

कोअर प्रोब जहाजं शोधत नाहीत, सिग्नेचर, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या लपलेल्या जागा, शोधतात. जहाजासाठी कॉम्बॅट प्रोब लागतात, आणि त्यांना एक्सपांडेड लाँचर लागतो. आठ प्रोब एका वेळी. प्रत्येकाची मजल ०.५ ते ६४ एयू अशी दुपटीनं बदलता येते. मजल जितकी लहान तितका संकेत ताकदवान. संकेत १०० टक्के झाला की तिथं वार्प करता येतं. एका प्रोबला लक्ष्य लागलं तर फक्त अंतर कळतं, म्हणून उत्तर गोलाच्या पृष्ठावर कुठंही. दोन प्रोबना लागलं तर वर्तुळ, तिघांना लागलं तर दोन बिंदू, चौघांना लागलं तर एक बिंदू. लक्ष्य किमान चार प्रोबच्या मजलेत हवं, हा नियम यातूनच आला.

कॉम्बॅट प्रोब शिकाऱ्याला जड जातात ते एका कारणानं: ते समोरच्याच्या डी-स्कॅनवर दिसतात. जो दर पाच सेकंदांना व्ही दाबतो तो प्रोब दिसताच निघून जातो. म्हणून प्रोब त्याच्यापासून १४.३ एयूपेक्षा लांब सोडा, आणि जागा आधी डी-स्कॅननं काढा. दिशा ५ अंशांपर्यंत आणा. मग अंतर निम्मं निम्मं करत जा. ७ एयूवर दिसला का? नाही. मग १०.६ वर? दिसला. मग तो ७ ते १०.६ च्या मध्ये. अशा सात स्कॅनमध्ये अंतराची अनिश्चितता ०.११ एयूवर येते, आणि वेळ जातो चौदा सेकंद. सूर्यमालेच्या नकाशावर स्कॅनरचा शंकू दिसतोच. त्यावर ते अंतर मोजून त्या जागी प्रोबचा घट्ट पुंजका ठेवा, मजल लहान करा, आणि मगच स्कॅन दाबा. दाबेपर्यंत प्रोब हलत नाहीत, नकाशावर फक्त त्यांची नवी जागा ठरते. उत्तर आलं की लगेच परत बोलवा. नकाशावर पुंजका वरून बरोबर बसलेला दिसतो आणि बाजूनं बघितलं तर दोन एयू वर असतो, हे फार वेळा होतं. ठेवल्यावर नकाशा फिरवून दुसऱ्या बाजूनंही बघा.

शंभर टक्के आला तरी ती जागा स्कॅनच्या क्षणाची असते. सेकंदाला दोन किलोमीटर जाणारं जहाज वीस सेकंदांत चाळीस किलोमीटर सरकतं. आणि सगळी जहाजं सारखी सापडत नाहीत. जहाजाची सिग्नेचर, म्हणजे स्कॅनरला जाणवणारा त्याचा आकार, मोठी आणि सेन्सर कमजोर असेल तर लवकर. लहान सिग्नेचर आणि दमदार सेन्सर असलेल्या जहाजाला प्रोबची मजल आणखी खाली आणावी लागते. अॅस्ट्रोमेट्रिक्समधलं रेंजफाइंडिंग हे कौशल्य संकेताची ताकद वाढवतं, पिनपॉइंटिंग चूक कमी करतं, अॅक्विझिशन वेळ कमी करतं. पहिल्यापासून शिकायचं तर रेंजफाइंडिंग आधी घ्या. बझार्ड, हेलिऑस, अॅनाथेमा आणि चीता ही कोव्हर्ट ऑप्स जहाजं या कामासाठीच आहेत, आणि ती क्लोक चालू ठेवून वार्प करतात. फक्त कुठल्याही वस्तूच्या २,००० मीटरच्या आत गेलात तर क्लोक उतरतो.

लपणाऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याच गोष्टी उलट्या करायच्या आहेत. ३६० अंश, १४.३ एयू, दर पाच सेकंदांना. यादीत कॉम्बॅट प्रोब दिसला की निघायचं, 'बघू कुणासाठी आहे' म्हणायचं नाही. जहाज आधीच एखाद्या ठिकाणाच्या दिशेनं चालतं ठेवा. योग्य दिशेत आणि कमाल वेगाच्या तीन चतुर्थांश वेगावर असलेलं जहाज आज्ञा मिळताच वार्पमध्ये जातं. थांबलेल्याला आधी वळावं लागतं, वेग घ्यावा लागतो. जहाजाचं नावही बदला. मूळ नावात तुमचं नाव असतं आणि ते डी-स्कॅनवर जसंच्या तसं दिसतं.

मागून प्रश्न आलाय, 'आपल्याकडं नेट हळू, सर्व्हर लंडनला, मग आपलं कसं होणार?' या खेळाचा सर्व्हर हालचाली एकेका सेकंदाच्या ठोक्यावर मोजतो, त्यामुळं गोळीबाराच्या खेळांसारखा मिलिसेकंदांचा तोटा इथं होत नाही. अडचण वेळेची आहे. युरोपची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र, त्यामुळं आपल्या दुपारी वस्ती विरळ असते. सर्व्हर रोज ११ वाजता, खेळाच्या घड्याळानुसार, देखभालीसाठी बंद होतो. आपल्याकडं ते साडेचार वाजतात.

सराव साडेचारनंतर, सर्व्हर परत चालू झाला की करा. मोफत अल्फा खात्यावरही डी-स्कॅन चालतो. मात्र एकाच माणसानं दोन अल्फा खाती एकाच वेळी चालवू नयेत असा नियम आहे, म्हणून जोडीदार घ्या. शांत हायसेकमधली, म्हणजे पोलिसांचा पहारा असलेल्या भागातली, सूर्यमाला निवडा. त्यानं ओव्हरव्ह्यूमधल्या एका ठिकाणी जाऊन बसायचं, तुम्ही मध्यावर थांबून फक्त ५ अंश आणि अंतर वापरून ठिकाण सांगायचं. ते अर्ध्या मिनिटाच्या आत येऊ लागलं की त्याला म्हणावं, आता दोन ग्रहांच्या मधोमध बुकमार्क टाकून तिथं बस.